लिंडलेबाई आणि चिंध्यांची खोली

रविवार, ७ सप्टेंबर १८७३

नाव पूर्ण छापलंय — ऑर्फा लिंडले. अमक्याची पत्नी असं नाही. नुसती आद्याक्षरं नाहीत. पुरुषाचं खोटं नाव घेतलेलं नाही. कथेच्या डोक्यावर, सगळ्या देशाला दिसेल असं. मी त्यावर बोट ठेवून पाहिलं.

मासिक पेटिंगिलबाईंचं. त्यांच्या घरी आम्ही कागद गिरणीतल्या नऊ जणी राहतो-जेवतो. त्यांचं वाचून झालं की आमच्या हाती येतं. आज चर्चहून आल्याबरोबर मी ते उचललं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले.

कथेत एक कपडे धुणारी बाई आहे. सोड्याने तिची बोटं सोलवटलीत. बाळाला उचलताना ती बोटं लावत नाही, मनगटांनी उचलते. एवढंच लिहिलंय. पुढे हळहळ नाही, उपदेश नाही. मी मासिक मिटलं. आईला मी तसंच करताना पाहिलंय. लहानपणी रोज पाहिलं आणि मला ते दिसलंच नव्हतं.

दुपारी होनोराला वाचून दाखवलं. होनोरा गिअरी गिरणीत माझ्यासमोर उभी राहते, राहते कालव्याकाठी भावाकडे. तिला वाचता येत नाही. ऐकून म्हणाली, "ह्या बाईने कपडे धुतलेत. नाहीतर धुणारणीजवळ तोंड मिटून बसलीय. त्यातलं दुसरं जास्त अवघड."

बुधवार, १० सप्टेंबर

पात्याला धार नव्हती. दिवसभर ओढाताण. विळीसारखं उभं पातं टेबलाला ठोकलेलं, त्यावर कागदासाठी आलेलं जुनं कापड ओढायचं, शिवणी उसवायच्या, बटणं वेगळी. खाली जाळी. धूळ जाळीतून खाली पडावी असा बेत आहे. निम्मी आमच्यात जाते.

होनोराने एक जुना सदरा उचलला, उलटसुलट केला. "हा माणूस तंबाखू उजव्या खिशात ठेवायचा. बायकोने तीनदा खिसा शिवला. चौथ्यांदा शिवला नाही बघ. चौथ्यांदा काय झालं असेल?" सगळ्या टेबलाचे हात थांबले. बॅस्कम मुकादम ओरडला. हात पुन्हा चालू झाले, पण चौथ्यांदा काय झालं ते तिने ओठ न हलवता सांगितलंच. सिबिल न्यूकम हसून हसून खोकायला लागली. ती आमच्यातली सगळ्यात थोरली.

रविवार, २८ सप्टेंबर

लिंडलेबाई पेपरातही लिहितात! पेटिंगिलबाईंचा भाऊ बोस्टनहून वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाठवतो, त्यात सापडलं. एका परगण्याच्या अनाथगृहात त्या चार दिवस राहिल्या. सकाळी किती पाव आले, किती जेवायला बसले, दार बाहेरून केव्हा लावलं. वाईटसाईट विशेषणं नाहीत.

पुढच्या अंकात बातमी: तिथल्या अधीक्षकाला काढलं.

एका बाईने लिहिलं, आणि एक कुलूप निघालं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

त्या आल्या. आमच्या गिरणीत. मला अजून खरं वाटत नाही.

सकाळी कागद मोजणाऱ्या मुलींना नवे पांढरे एप्रन वाटले तेव्हाच कळलं, कुणीतरी येतंय. मालक ग्रिसवोल्डसाहेब स्वतः फिरवत होते. त्यांनी लगद्याचे हौद दाखवले, गुळगुळीत कागद दाखवला. आमच्या दाराशी आले तेव्हा आवाज ऐकू आला. "इथे काय चालतं?" — बाईचा आवाज, जाडसर. "चिंध्या निवडतात. आपले कपडे खराब होतील."

दाराला काचेचा तुकडा आहे. त्यात एक चेहरा आला. ठेंगणी, गोल बाई. टोपी वाकडी. मी राणी बघायला निघाले होते आणि दिसली ती आमच्या गावच्या दूधवालीसारखी. पण डोळे — ते टेबलावरून असे फिरले की वाटलं, किती जणी आहोत, किती खोकतोय, खिडक्या किती, सगळं मोजून झालं. दहा मोजेपर्यंत वेळ. मग चेहरा गेला.

होनोरा म्हणाली, "हीच का ती? केझी, तोंड मिट. माशी जाईल."

शनिवार, ११ ऑक्टोबर

लिंडलेबाई पेटिंगिलबाईंकडेच उतरल्यात! हॉटेल सोडून. शनिवारी रात्री इथे घरोघरी घेवडाच असतो, म्हणून शेंगा सोलायच्या होत्या. त्या न बोलावता येऊन बसल्या आणि टोपलं मांडीवर घेतलं. वही नाही, पेन्सिल नाही. विचारतात कमी. आपण बोलत राहतो आणि नंतर लक्षात येतं, अरे, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

होनोरा आली होती. तिने टेबलक्लॉथच्या चिंधीवरून अख्ख्या लग्नाची गोष्ट रचली — नवरा मुलगा पळाला, सासऱ्याने केक खाल्ला. लिंडलेबाई डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, "तू हे लिहीत का नाहीस?"

"लिहिता येत नाही, बाई. आणि येत असतं तर ह्या केझायासारखं लिहून गादीखाली ठेवलं असतं."

मी लाजून शेंगा सांडल्या. ह्या वहीचं तिला कसं कळलं?

नंतर धीर करून विचारलं, "कथेत खोटं आणि पेपरात खरं, असंच ना?" त्यांनी सोललेला दाणा हातात फिरवला. "पेपरात काय घडलं ते लिहिते. कथेत ते कुणावर घडलं ते लिहिते. दोन्ही खरं असावं लागतं, नाहीतर दोन्हीकडे मार बसतो."

जाताना त्यांनी पत्ता दिला. मला. "काही घडलं तर कळव. नाव कुणाचं छापणार नाही. हा माझा शब्द."

सोमवार, ३ नोव्हेंबर

चिंध्यांच्या नव्या गासड्या आल्या. समुद्रापलीकडच्या. सोडल्यावर असा वास आला की सिबिल बाहेर जाऊन ओकली. पट्ट्या, चादरी, रुग्णालयातल्यासारखे लांब डगले. कशावर काय वाळलंय विचारू नये.

होनोराच्या हाती लहान मुलाचा झबला आला. पाठीवर खपल्या चिकटलेल्या. रोज गोष्ट सांगणारी, आज तिने फक्त म्हटलं, "ह्यावर आई रडलीय." आणि तो पात्यावर ओढला नाही, बाजूला ठेवला.

मी मुकादमाला गासडी दाखवली. "बॅस्कमसाहेब, ह्या आजाऱ्यांच्या चिंध्या आहेत." तो गासडीवरचा शिक्का बघत थोडा थांबला. मग म्हणाला, "कागद पांढराच होतो. हात चालवा."

शनिवार, १५ नोव्हेंबर

होनोराला ताप. कंबर मोडल्यासारखी दुखते म्हणाली. तरी दुपारपर्यंत उभी होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

देवी.

होनोरा, सिबिल, आणि पलीकडच्या टोकाची एक मुलगी. तिघी एकाच टेबलाच्या. त्यांना नदीपलीकडच्या एकांतघरात नेलं. गाडीला पडदे होते. मला लहानपणी बाबांनी आमच्या गावी, व्हरमाँटला, देवी टोचवल्या होत्या. दंडावरचा व्रण आज दिवसभर चाचपत होते. होनोराला कुणी टोचल्या नव्हत्या. सिबिललाही नाही. गिरणीने कधी विचारलंच नाही.

गिरणीच्या फाटकावर कागद लावलाय: साथ कालव्याकाठच्या आयरिश गल्लीतून आली. गल्लीतले लोक स्वच्छ राहत नाहीत. आमच्याच गिरणीचा कागद. चांगला, गुळगुळीत.

रविवार, २३ नोव्हेंबर

सिबिल न्यूकम काल गेली. पुरताना दोनच माणसं होती म्हणे.

मी लिंडलेबाईंना पत्र लिहिलं. सात पानं. गासड्यांवरचे शिक्के आठवतील तेवढे. तारखा. झबला. फाटकावरचा कागद. मग हात थांबेना. होनोरा कशी बोलते तेही लिहिलं. तंबाखूचा खिसा, पळालेला नवरा, "ह्यावर आई रडलीय" — सगळं. ती मरणार असंच मला वाटत होतं. कुठेतरी तिचं काही राहावं.

तिला विचारलं नाही. विचारणार कसं?

रविवार, ७ डिसेंबर

छापून आलं! पहिल्या पानावर दोन रकाने. खाली सही — ऑर्फा लिंडले.

नाव एकाही मुलीचं नाही. पण गासड्यांचे शिक्के, जहाज कोणत्या बंदरातून निघालं, त्या महिन्यात त्या बंदरात देवीने किती गेले, इथे गासडी कधी सोडली, बाराव्या दिवशी कोण पडलं — एकाखाली एक. आयरिश गल्लीवर एकच वाक्य: त्या गल्लीत पहिली आजारी पडलेली बाई गिरणीतूनच घरी आली होती. बस. फाटकावरचा कागद त्या एका वाक्याने फाटला.

मी दिलेल्या सात पानांतून हे झालं? मी दिले ते नुसते तुकडे होते. पेटिंगिलबाईंनी पेपर नीट घडी करून बायबलशेजारी ठेवला.

सोमवार, ८ डिसेंबर

फाटकावरचा कागद काढला. त्याची खिळ्याखाली एक चिंधी राहिलीय.

बॅस्कमने एकेकीला बोलावून विचारलं, बाहेर कुणी सांगितलं? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. देव क्षमा करो.

रविवार, २१ डिसेंबर

होनोरा वाचली. घरी आणलंय. मी गेले. तिच्या वहिनीने दारातच हळू सांगितलं, "आरसा काढून ठेवलाय. तू काही बोलू नकोस."

ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. शाल डोळ्यांपर्यंत. म्हणाली, "बघायचंय? नको बघूस. मीसुद्धा हातानेच बघितलंय."

मी हात धरला. तिने धरू दिला.

रविवार, १ फेब्रुवारी १८७४

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

मासिकात लिंडलेबाईंची नवी कथा. कागद गिरणी. चिंध्यांची खोली. नॅन्स नावाची मुलगी चिंध्यांवरून लोकांच्या गोष्टी सांगते. पेटिंगिलबाईंनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि तंबाखूच्या खिशापाशी माझा काटा हातातून पडला. शब्दन् शब्द. पण त्यात मी न दिलेलंही होतं: नॅन्स बोलताना कापडाची कड अंगठ्याने सारखी करत राहते. होनोरा करते. मी सहा वर्षं समोर उभी राहून कधी बघितलं नाही. लिंडलेबाईंनी एका दुपारी, शेंगा सोलताना बघितलं.

शेवटी नॅन्स देवीने मरते. झबला हातात. टेबलावरच्या सगळ्या रडल्या. गोमांस गार झालं. वाचणाऱ्या पेटिंगिलबाईंचा आवाज फुटला. मीही रडले. काय लिहिलंय! माणूस उभं केलंय, आणि तेवढ्यासाठीच की ते गेल्यावर आपल्याला समजावं काय गेलं.

मग आठवलं, ती तीन गल्ल्या पलीकडे जिवंत बसलीय. भिंतीकडे तोंड करून.

सोमवार, २ फेब्रुवारी

कामावरून थेट तिच्याकडे गेले. सगळं कबूल केलं. पत्र, सात पानं, सगळं. मग कथा वाचून दाखवली. मध्ये ती एकदाही बोलली नाही.

"म्हणजे मी मेले."

"होनोरा, मला वाटलं होतं—"

"आणि सगळ्या रडल्या?"

"पेटिंगिलबाईसुद्धा."

"ती म्हातारी? मी जिवंत असताना तिने मला कधी दुसऱ्यांदा घेवडा वाढला नाही." शालीआड काहीतरी झालं. हसू की काय कळलं नाही. "मेलेली मी बरी दिसते, नाही का ग? तोंडावर एक डाग नाही ठेवला बाईने."

मी मासिक मिटायला गेले.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "त्या खिशापासून."

पुन्हा वाचलं. ह्या वेळी मध्ये थांबवत होती. "हे मी असं नव्हते म्हणाले." "हे बरं केलंय. माझ्यापेक्षा बरं." निघताना म्हणाली, "मला विचारायला हवं होतंस, केझी. मी हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतंस."

ही शिक्षा बरोबर आहे.

रविवार, २२ फेब्रुवारी

गिरणीमालकांच्या संघाचं उत्तर पेपरात. लिंडलेबाई कादंबरीकार आहेत, म्हणतात. कल्पना करणं हा त्यांचा धंदा. मासिकातली मुलगी कल्पित, तशीच पेपरातली साथही कल्पित. खरी असेल तर त्या एक तरी नाव का देत नाहीत?

आणि लोक मान डोलावतायत! तीन आठवड्यांपूर्वी रडलेले तेच लोक. आमच्याच टेबलावर एक जण म्हणाली, "खरंच, गोष्टच ती. त्यात काय."

लिंडलेबाईंनी तीन ओळींत उत्तर दिलंय: मी ज्यांना शब्द दिला, त्या अजून त्याच टेबलांशी उभ्या आहेत. नाव देणार नाही.

शब्द मला दिला होता. त्या शब्दापायी त्यांना खोटारडी म्हणतायत. मी रोज भाकरी खाते आणि गप्प बसते.

रविवार, ८ मार्च

त्यांचं पत्र आलं. बोस्टनला राज्याच्या समितीपुढे सुनावणी आहे, बुधवारी, अठराला. परदेशी चिंध्या उकळून घ्याव्यात, चिंध्यांच्या खोलीतल्या प्रत्येकीला गिरणीने देवी टोचाव्यात, असा कायदा मागितलाय. त्या एकट्या बोलणार. मला ये म्हणत नाहीत. उलट लिहितात: "तू तुझं काम केलंस. माझ्याकडे कुणाचं नाव मागितलं तर मी गप्प राहीन, आणि मला गप्प राहता येतं."

अक्षर वेडंवाकडं. इतकं छान लिहिणारी बाई, आणि कोंबडीने पाय ओढल्यासारखं अक्षर.

पत्र होनोराला वाचून दाखवलं. "तू जाशील?" तिने विचारलं. मी म्हटलं, गेले तर गिरणीत परत घेणार नाहीत. आईला काय पाठवू? ती म्हणाली, "मी विचारलं, जाशील का. आईचं विचारलं नाही."

मंगळवार, १७ मार्च

जाते. बॅस्कमला सांगितलं. वाटलं ओरडेल. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या गासडीवरचा शिक्का तुला नीट आठवतो ना? उलटा त्रिकोण होता. चुकवू नकोस." आणि निघून गेला.

होनोराने गाडीची वेळ विचारली. सव्वासहा, मी म्हटलं. तिने दार लावून घेतलं.

बुधवार, १८ मार्च. बोस्टन

स्टेशनवर काळा पडदा घातलेली बाई उभी होती. होनोरा. घराबाहेर चार महिन्यांत पहिल्यांदा.

सभागृह भरलेलं. लिंडलेबाई एकट्या उभ्या, टोपी वाकडी. मालकांचा वकील हसत विचारत होता, "मग ती मुलगी कुठे आहे, बाई? की आपण कथेत तिला मारलंत म्हणून आता मिळत नाही?" लोक हसले. लिंडलेबाई गप्प. मान ताठ, कान लाल. माझं वाक्य पाठ होतं. मी उठायला बाकाची कड धरली.

शेजारची जागा रिकामी झाली. होनोरा मधल्या वाटेने चालत पुढे गेली, अध्यक्षांसमोर थांबली आणि दोन्ही हातांनी पडदा वर केला. हसणं मध्येच तुटलं.

"मेलेली ती मीच, साहेब," ती म्हणाली. "होनोरा गिअरी. मला लिहिता येत नाही, सांगता येतं." मग वळून लिंडलेबाईंच्या दंडाला हात लावला.

"तुम्ही बसा, बाई. पुढचं मी सांगते."